वरची वही, खालची वही

भाऊबीजेला बहिणीकडे जावे, पाटावर बसावे, ओवाळून घ्यावे, तबकात काय घालायचे ते घालावे आणि दुपारी चकल्यांचा डबा उशाशी घेऊन आडवे व्हावे, एवढीच माझी गेल्या दिवाळीतली अपेक्षा होती. परंतु यंत्रांविषयी सदर लिहिणाऱ्या माणसाला कोणत्याही नातेवाइकाकडे पुरते आडवे होता येत नाही. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात. मी दिसलो की लॅपटॉप बाहेर काढतात.

माझी थोरली बहीण वसमतला दिलेली आहे. वसमत हे हळदीचे गाव, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. हिंगोली जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते परभणीत मोडत असे. फाल्गुन-चैत्रात तिथल्या मोंढ्यात पाऊल टाकले तर सदरा, चपला, खिशातला मोबाइल, सारे पिवळे होऊन निघते. दिवाळीत मात्र हळद अजून शेतात उभी असते आणि मोंढ्यात सोयाबीनची पोती येऊन पडतात. दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू यांचे मिळून अडतीचे दुकान आहे. वाडाही मिळूनच. खाली थोरले, वर धाकटे. चुली दोन, पण तुळस एक.

ताईने ओवाळता ओवाळताच खालच्या आवाजात सांगितले, "दोघं बोलत नाहीत."

"कोण दोघं?"

"तुझे दाजी अन् धाकटे. दसऱ्यापासून. अन् कशावरून, तर त्या कॉम्प्युटरवरून. जेवण झालं की जरा बघ बाबा."

मी बघितले. प्रकार असा होता. दुकानाचा सगळा हिशेब खालच्या ढाळजेतल्या कॉम्प्युटरवर 'हिशेब' नावाच्या फोल्डरात असे. वरच्या मजल्यावर धाकट्यांचा एक जुना कॉम्प्युटर होता. दोहोंमध्ये जिन्यावरून वायर टाकलेली होती आणि खालचा फोल्डर वर उघडत असे. थोरले दिवसभराच्या पट्ट्या खाली नोंदवीत, धाकटे रात्री वरून येणेदेणे तपासीत. पाचसहा वर्षे हे बिनबोभाट चालले. दसऱ्याच्या मुहूर्तावर धाकट्यांनी नवा लॅपटॉप घेतला, आणि त्याच दिवशी घरात नवे इंटरनेटही आले. नवी पेटी खाली बसली. जोडणी करणाऱ्या मुलाने वरच्या मजल्यासाठी दुसरी पेटी बसविली आणि जिन्यावरची ती कुरूप वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. दोन्ही मजल्यांवर इंटरनेट छान चालू झाले. रात्री धाकट्यांनी 'हिशेब' उघडायला घेतला, तर पडद्यावर एक चौकट आली. तिच्या पहिल्या ओळींचा मथितार्थ असा: हे तुम्हाला वापरता येत नाही; तुम्हाला कदाचित परवानगी नसेल; परवानगी आहे की नाही ते या यंत्राच्या व्यवस्थापकाला विचारा.

आता खालच्या यंत्राचा व्यवस्थापक म्हणजे कोण? थोरले बंधू!

"मी विचारायचं?" धाकटे मला म्हणाले. हा प्रसंग वरच्या मजल्यावर, दार लोटून. "बापाच्या दुकानाची वही बघायला दादाची परवानगी काढायची? तसं होतं तर तोंडानं सांगायचं. मशीनकडून कशाला सांगायचं?"

खाली दाजींना विचारले, तर ते म्हणाले, "पाहुणे, मी काय बंद केलंय? मला ते मशीन बंद करायचं म्हटलं तरी पोरीला हाक मारावी लागते."

दोघेही खरेच बोलत होते. पण तीन आठवडे कोणी कोणाला काही विचारले नव्हते, आणि मधल्या काळात काम तर थांबत नव्हते. सोयाबीनची आवक जोरात. म्हणून घरातल्या मुलांनी पेनड्राइव्हची युक्ती काढली. सकाळी खालची फाइल पेनड्राइव्हवर घालून वर न्यायची, रात्री वरची खाली आणायची. आमची भाची दिवसातून चार वेळा जिना चढउतार करीत असे. पंधराव्या दिवशी वरच्या आणि खालच्या हिशेबात १४,२०० रुपयांची तफावत निघाली. पैसे कोणी उचलले असे कोणी म्हणाले नाही. म्हणाले नाही, एवढेच.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज दोनतीन कॉम्प्युटर असतात आणि बहुतेकांनी हा पेनड्राइव्हचा मार्ग पत्करलेला असतो. फोटो आणि गाणी यांच्यासाठी त्यात काही वावगे नाही. पण जी वस्तू रोज बदलते तिची नक्कल करणे म्हणजे दुसरी वही उघडणे होय. जुन्या पेढ्यांवर खतावणी एकच असे आणि जो लिहील त्याच्या मांडीवर ती असे. ज्या पेढीच्या दोन खतावण्या असत तिच्याविषयी गाव काय बोलत असे ते सांगायला नको. घरातल्या दोन यंत्रांनी एकच फोल्डर वापरावा, ही सोय मुळात यासाठी आहे की वही एकच राहावी.

तेव्हा मी चकल्यांचा डबा घेऊन वर गेलो आणि धाकट्यांना म्हटले, ती चौकट पुन्हा आणा. आली. "आता शेवटची ओळ वाचा." त्यांनी वाचली. शेवटच्या ओळीत लिहिले होते की, जाळ्यावरील मार्ग सापडला नाही.

सगळी ग्यानबाची मेख तिथे होती. त्या चौकटीतल्या पहिल्या ओळी ठरीव असतात. पत्राच्या 'साष्टांग नमस्कार वि. वि.' सारख्या. खरे कारण बहुधा शेवटी येते. 'परवानगी नाही' आणि 'सापडत नाही' या दोन अगदी निराळ्या तक्रारी आहेत. परवानगी नाही म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोहोचलात आणि दारवानाने अडविले. सापडत नाही म्हणजे तुम्ही अजून गल्लीतच चुकला आहात. दारवानाने तुमचे तोंडही पाहिलेले नाही. धाकट्यांना थोरल्यांच्या यंत्राने 'नाही' म्हटलेच नव्हते. ते तिथवर गेलेच नव्हते.

मग गल्ली शोधायला लागलो. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर, म्हणजे ती इंटरनेटची पेटी, एकेक नंबर वाटून देतो. तो चार तुकड्यांचा असतो आणि पुष्कळ घरांत १९२.१६८ ने सुरू होतो. तुमच्याकडेही तोच, माझ्याकडेही तोच, कारण हे आकडे जगभर खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्याविषयीचा आजचा नियम १९९६ सालचा आहे. हे वाड्यातल्या खोल्यांचे नंबर. पोस्टमनला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. विंडोजच्या काळ्या चौकटीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाइप केला की यंत्र आपला नंबर सांगते. घरगुती मांडणीत पहिले तीन तुकडे जुळले की दोन यंत्रे एका अंगणात आहेत असे समजावे. खाली निघाला १९२.१६८.१.५, आणि वर १९२.१६८.०.१०४. तिसरा तुकडा निराळा! वाडा एक, पण यंत्रांच्या लेखी अंगणे दोन.

जोडणी करणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. त्या वाड्याच्या भिंती मातीच्या आणि दोनदोन हात जाड. खालच्या पेटीचे वायफाय माळवदातून वर जाणे शक्यच नव्हते. त्याने दुसरी पेटी बसविली हे योग्यच केले. "नेट चालतंय का?" एवढे त्याला विचारायचे होते, आणि नेट चालत होते. पण दुसरा राउटर नेहमीच्या रीतीने जोडला की तो वर स्वतःचे नवे संस्थान स्थापन करतो आणि आपल्या पदरच्या यंत्रांना स्वतःच नंबर वाटू लागतो. वरून बाहेरच्या जगाकडे जाता येते. पण शेजारच्या यंत्राला नावाने हाक मारली तर ती हाक संस्थानाच्या वेशीपाशीच विरते. कारण घरगुती जाळ्यात नावाने बोलावणे हे अंगणात उभे राहून ओरडण्यासारखेच असते.

उपाय असा. वरच्या राउटरच्या मांडणीत 'ॲक्सेस पॉइंट' असा प्रकार असेल तर तो निवडावा. म्हणजे तो संस्थानिकपद सोडून नुसता लाइनमन होतो. तसा प्रकार नसेल तर त्याचे नंबर वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे, त्याला स्वतःला खालच्या अंगणातला एक रिकामा नंबर द्यावा आणि खालून आलेली वायर 'वॅन' लिहिलेल्या भोकातून काढून शेजारच्या 'लॅन' भोकात बसवावी. मी हे केले. लॅपटॉप पुन्हा जोडला. नंबर आला १९२.१६८.१.१२. अंगण एक झाले.

फोल्डर काही उघडला नाही.

इथे बहुतेक लोक कंटाळतात आणि मग एकदम दहा ठिकाणी बटणे दाबतात. त्यानंतर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आधीच दसऱ्याच्या दिवशी लॅपटॉप आणि इंटरनेट दोन्ही एकदम बदलल्यामुळे तो घोळ झाला होता. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच पारखावी. पारखण्याचे सर्वांत साधे साधन 'पिंग'. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पुढे नंबर लिहून तो चालविला की तो पलीकडच्या यंत्राला नुसते 'आहात का?' एवढेच विचारतो. मी वरून खालच्या राउटरला विचारले, उत्तर आले. म्हणजे वायर ठीक, वायफाय ठीक. खालच्या कॉम्प्युटरला विचारले, चिडीचूप. म्हणजे दोष आता त्या एका यंत्रात.

खाली गेलो. दाजी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचे हळदकुंकू कीबोर्डवरून पुसत बसले होते. मी विचारले, "नवीन इंटरनेट आलं तेव्हा या मशीननं काही विचारलं होतं का?" भाची म्हणाली, "हो मामा, एक निळी चौकट आली होती. तुमचं मशीन दुसऱ्यांना दिसू द्यायचं का, म्हणून. बाबा म्हणाले, दुसऱ्यांना कशाला? मी 'नाही' दाबलं."

दाजींचे उत्तर शहाणपणाचेच होते. स्टेशनावर किंवा चहाच्या हॉटेलात हाच प्रश्न आला तर सर्वांनी असेच उत्तर द्यावे. पण यंत्राच्या भाषेत 'दुसरे' म्हणजे घरातलेसुद्धा. राउटर बदलला की विंडोजला ते जाळे अगदी नवे वाटते, आणि 'नाही' म्हटले की ते त्याला 'पब्लिक', म्हणजे चव्हाटा, समजून सगळ्या खिडक्या लावून घेते. जाळ्याच्या मांडणीत जाऊन मी 'पब्लिक' काढून 'प्रायव्हेट' केले, आणि शेअरिंगच्या पानावर यंत्र दिसू देण्याची व फाइली वाटून घेण्याची बटणे प्रायव्हेटपुरती चालू केली. वर जाऊन पिंग केले. खालच्या यंत्राने चार वेळा 'आहे' म्हटले.

आता धाकट्यांनी नावाने हाक मारली तेव्हा निराळीच चौकट आली. तिने नाव आणि पासवर्ड विचारला. धाकट्यांचा चेहरा पुन्हा उतरला. मी मात्र खूश झालो. कारण आता आपण दारात उभे होतो.

या दारातच सर्वांत जास्त लोक अडकतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. धाकट्यांनी आपल्या लॅपटॉपचा चार आकडी पिन घातला. नाकारला. पुन्हा घातला. पुन्हा नाकारला. पिन हा फक्त त्याच एका यंत्रापुरता असतो. ती घराच्या आतली कडी. तिने दुसऱ्या घराचे कुलूप कसे उघडेल? इथे पासवर्ड लागतो, आणि तोही पलीकडच्या यंत्रावरच्या खात्याचा. मग त्यांनी दाजींचे नाव घातले आणि पासवर्डाची जागा रिकामी ठेवली, कारण दाजींच्या यंत्राला पासवर्डच नव्हता. ("दुकानाला कुलूप आहे की. याला आणखी कशाला?") तेही नाकारले गेले. बिनपासवर्डच्या खात्याने यंत्रापुढे बसून काम करता येते, पण जाळ्यावरून आत येता येत नाही, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे. मग वरच्या पुतण्याने शक्कल सांगितली की पासवर्ड विचारणेच बंद करून टाकू. मीही एके काळी वाचकांना हेच सुचवीत असे. आता ते दिवस गेले. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या अशा बेनावी पाहुण्याला बहुधा थारा देत नाहीत. पडद्यावर उत्तर आले की, तुमच्या संस्थेच्या सुरक्षाधोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही. त्या वाड्याला संस्था म्हणणारे ते पहिलेच यंत्र असावे.

सरळ मार्ग एकच, आणि तो लांबचाही नाही. खालच्या यंत्रावर धाकट्यांसाठी एक स्वतंत्र खाते काढावे, त्याला खरा पासवर्ड द्यावा, आणि लॅपटॉपवरून तेच नाव व तोच पासवर्ड एकदा घालून 'लक्षात ठेव'वर खूण करावी. मी दाजींना खुर्चीवर बसविले.

"नाव काय घालू?"

"काहीही घाला. तुमच्या बंधूंचं."

दाजींनी एकेक अक्षर हुडकीत नाव टाइप केले. ते धाकट्यांचे शाळेतले नाव नव्हते. लहानपणी आई ज्या नावाने हाक मारी ते होते. वर धाकट्यांना ते सांगावे लागले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. टाइप केले, आणि फोल्डर उघडला.

पण नोंद करून साठवायला गेले, तर आता खरोखरच 'परवानगी नाही' आले! जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली ताई म्हणाली, "आता काय?" आता दुसरे कुलूप. वाटून दिलेल्या फोल्डरला दोन कुलपे असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एक 'शेअरिंग'च्या पानावर, बाहेरून येणाऱ्यांसाठी. दुसरे 'सिक्युरिटी'च्या पानावर, मूळ फाइलीचे. दोहोंपैकी जे जास्त कडक, त्याचे चालते. शेअरिंगचे कुलूप नव्याने लावले तर बहुधा नुसते वाचण्यापुरतेच उघडते. दोन्ही पानांवर धाकट्यांच्या खात्याला वाचण्याचा व लिहिण्याचा हक्क दिला. 'सगळ्यांना' तो देऊ नये. ते सोपे पडते, पण घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा लॅपटॉपही त्या 'सगळ्यां'त येऊ शकतो.

एवढे होईतो चहा आला, आणि चहाबरोबर दाजींचा प्रश्न आला. गुदामात एक फार जुने मशीन आहे, एक्सपीवाले, तेही जोडता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर वसमतच्या माणसाला चटकन समजते. यंत्रे एकमेकांशी फाइली ज्या बोलीत देतात-घेतात तिला एसएमबी म्हणतात. ती १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडविली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढविली. १९९२ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने ती बोली नुसती ऐकून ऐकून हुडकली आणि विंडोज नसलेल्या यंत्रांनाही शिकविली. त्याच्या प्रोग्रामला नाव हवे होते. एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द त्याने शब्दयादीतून काढले, आणि त्यांत 'सांबा' निघाला. आज कित्येक घरांतली जाळ्यावरची डिस्कपेटी सांबाच्याच जिवावर चालते. असो. एसएमबीची पहिली आवृत्ती ही आपली मीटरगेज. मनमाडहून येणारा रूळ रुंद झाला तरी पूर्णेहून वसमत, हिंगोली, अकोल्याकडे जाणारा फाटा कित्येक वर्षे मीटरगेजच होता. पूर्णेला बाडबिस्तरा घेऊन गाडी बदलावी लागे. कारण १,००० मिलिमीटरच्या रुळावर १,६७६ मिलिमीटरचे चाक चढत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तोही फाटा रुंद झाला. एक्सपीला फक्त मीटरगेज येते. नव्या विंडोजने ती गेज २०१७ च्या शरदापासून मुळातच न बसविण्याचे ठरविले, आणि ती किती धोक्याची आहे हे त्याच वर्षी दिसलेही होते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर शिरला. दीडशेच्या आसपास देशांत यंत्रे कुलूपबंद झाली. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. भगदाड बुजविण्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, निघालेली होती. ती न बसविणारे नाडले गेले.

म्हणून दाजींना सांगितले, गुदामातले मशीन जोडू नका. जुनी गेज पुन्हा चालू करण्याचे बटण आहे, पण ते दाबले तर एका म्हाताऱ्या यंत्रापायी सबंध वाड्याची दिंडी उघडी राहील. त्यातले जपून ठेवण्याजोगे ते एकदा पेनड्राइव्हने आणा. (पेनड्राइव्हचा खरा उपयोग हा: एकदा, आणि एकाच दिशेने.) खालच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्याच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. त्याचेही आयुष्य आता मोजलेलेच आहे, हेही बोलून ठेवले.

पुतण्या म्हणाला, "मामा, हे सगळं इंटरनेटवरच ठेवलं तर?" ठेवावे की, एक प्रत जरूर ठेवावी. कारण फोल्डर वाटून घेणे म्हणजे प्रत राखणे नव्हे. खालची डिस्क गेली तर वरचेही तेवढेच जाईल. पण घरातल्या घरात जोडलेल्या यंत्रांना इंटरनेट लागतच नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ऐन हंगामात बाहेरची तार तुटली तरी खालची वही वर दिसते; दोन्ही पेट्यांना वीज असली म्हणजे झाले. आणि खालचे यंत्रही जागे हवे. वाटलेले फोल्डर 'गायब' होण्याचे सर्वांत साधे कारण हेच की यजमान यंत्र डुलक्या घेत असते. दाजी रात्री नऊला ढाळजेतला दिवा आणि कॉम्प्युटर एकाच बटणाने बंद करीत. तो वेगळ्या बटणावर घेतला, त्याची झोप बंद केली, आणि राउटरला सांगून त्याचा नंबरही कायमचा राखून ठेवला. म्हणजे नावाने हाक पोहोचली नाही तरी दोन उलट्या तिरक्या रेघा मारून पुढे तो नंबर लिहिला की खालचे दार सापडेल.

राहिले १४,२०० रुपये. तेवढे मात्र यंत्राने नव्हे, कागदाने सोडविले. दिवे लागायच्या वेळी दोघे बंधू एका पडद्यापुढे बसले. मधोमध मी, जरूर पडलीच तर असावा म्हणून. फाइलीच्या सगळ्या प्रती शेजारी शेजारी उघडल्या आणि कार्बनचे पावतीपुस्तक मांडीवर घेतले. एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची पट्टी पावतीपुस्तकात होती, वरच्या प्रतीत होती, खालच्या प्रतीत नव्हती. तारीख पाहिली. त्या रात्री भाचीने वरची फाइल खाली आणली होती, पण दाजी खालची उघडून बसले होते. तिने आपली नवी प्रत घातली, आणि दाजींनी उठताना आपली जुनी तीवर साठवली. यंत्राने विचारले होते, 'बदलू का?' दाजींनी 'हो' म्हटले होते. १४,२०० रुपये तिथे गेले. ते कोणाच्या खिशात गेले नव्हते. एका 'हो'खाली दबले होते.

"मला वाटलं, तू लिहिलीच नाहीस," दाजी म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही काढून टाकली," धाकटे म्हणाले.

ताईने तेवढ्यात दोन्ही चुलींचे जेवण एकत्र करायचे ठरवून टाकले होते. मी उरलेल्या चकल्यांसह आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. आत ढाळजेत दाजींनी हिशेबाची फाइल उघडली असावी, कारण त्यांचा आवाज आला, "पाहुणे, हे बघा, पुन्हा काहीतरी म्हणायलंय." मी गेलो. चौकटीत लिहिले होते की, ही फाइल दुसऱ्याने उघडलेली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. खाली धाकट्यांचे नाव होते.

"हे बरोबर आहे," मी म्हटले. "वही सध्या त्यांच्या मांडीवर आहे."

दाजींनी चौकट नीट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग खुर्चीवरून उठून अंगणात गेले आणि मान वर करून ओरडले, "अरे, मिटव की वही! मला कालची पट्टी टाकायचीय!"

वरून उत्तर आले, "मिटवतो. वर या चहाला. तोवर होतंय."

दाजी चपला न घालताच जिना चढू लागले.